शाळेचं जुनं सभागृह दुरुस्त करायला घेताय? आधी छपरावर चढा

जुन्या सभागृहाच्या दुरुस्तीसाठी पहिली बैठक भरते तेव्हा टेबलावर बहुधा दोनच गोष्टी असतात: रंगाचं शेडकार्ड आणि खुर्च्यांचा कॅटलॉग. कामात या दोन्हींची पाळी अगदी शेवटी येते. पण पैसा उभा करायचा तर दिसणाऱ्या गोष्टींवरच उभा राहतो. माजी विद्यार्थी खुर्चीवर आपलं नाव कोरायला आनंदाने देणगी देतात. पन्हळीवर नाव घाला, असं अजून कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी अशा काही सभागृहांच्या कामावर होते. पैसे सगळीकडे एकाच कारणाने वाया गेलेले दिसले: उलटा क्रम. आधी रंग, मग गळती, मग पुन्हा रंग. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे.

काहीही हलवण्याआधी

पहिले दोन-तीन आठवडे हातात फक्त टेप, कॅमेरा आणि वही. मजल्याचा नकाशा आणि चारही भिंतींची उभी चित्रं मोजून काढा. प्रत्येक खिडकीला, दरवाज्याला आणि छप्पर तोलणाऱ्या प्रत्येक लाकडी सांगाड्याला, म्हणजे कैचीला, क्रमांक द्या आणि तो खडूने त्या वस्तूवरही लिहा. पुढे कोणी ‘तिसरी खिडकी’ म्हणेल तेव्हा ती कोणत्या बाजूने तिसरी, यावर अर्धा दिवस जातो.

शाळेची जुनी वार्षिकं, समारंभांचे फोटो, हिशेबाच्या वह्या मागवा. गटफोटोत मुलांच्या मागे दिसणारी भिंत तुमच्या कामाची असते. आधी दिवे कुठे होते, पडदा कुठल्या उंचीवर होता, छताला पट्ट्या होत्या का, हे तिथे कळतं. हिशेबाच्या वहीत ‘छप्पर दुरुस्ती’ दर सात-आठ वर्षांनी येत असेल, तर दुखणं छपरातच आहे.

मूळ रंग शोधायचा असेल तर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे हात पोचत नाही अशा जागी, धारदार पात्याने रंगाचा एकेक थर पायरीपायरीने उघडा करा. दोन इंचांच्या चौकोनात सगळ्या पिढ्यांचे रंग ओळीने दिसतात. हे करताना मास्क लावा आणि खाली प्लास्टिक अंथरा. जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी असते आणि शिशाची धूळ मुलांसाठी विषच. शिसं आहे असं चाचणीत निघालं तर तो रंग कोरडा घासायचा नाही, ज्योतीने जाळायचा नाही. ओला करून खरवडायचा आणि निघालेला चुरा पिशवीत बंद करायचा. छताला किंवा जुन्या पाइपांच्या वेष्टणात ॲस्बेस्टॉसची शंका आली तर ते फोडूही नका. नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय तिथे कुणी काम करू नये.

इमारत वारसा यादीत आहे का, हेही याच टप्प्यावर तपासा. परवानगीचा अर्ज काम सुरू झाल्यावर केला तर काम थांबतं, आणि मजूर थांबत नाहीत. यादीत नसली तरी १९६४ च्या व्हेनिस सनदेतला, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय सनदेतला, एक दंडक पाळण्यासारखा आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. फोटोत नसलेली नक्षी ‘शोभेल’ म्हणून घालू नये.

पाणी

आता छपरावर. शक्य असेल तर भर पावसात जा, शिडी सुरक्षित नसेल तर निदान खालून छत्री घेऊन उभे राहा आणि पाणी कुठून कसं येतं ते बघा. कोरड्या दिवशी दहा तज्ज्ञांनी सांगितलेलं एका पावसात दहा मिनिटांत दिसतं.

बहुतेक गळत्या कौलांतून होत नाहीत. भिंत आणि छप्पर मिळतं तो सांधा, दोन उतार मिळतात ती घळ आणि पन्हळ, या तीन जागा आधी तपासा. पन्हळीत पाचोळा, घरटी, कधी चेंडू. एका ठिकाणी आम्ही पन्हळीतून सव्वीस चेंडू काढले. पाणी तुंबून भिंतीत मुरत होतं आणि आतल्या बाजूला ‘रंगाचा दर्जा वाईट’ म्हणून तीन वेळा रंग दिला गेला होता.

पन्हळीचं पाणी खाली आलं की ते कुठे जातं, हेही बघा. पायाशी साचत असेल तर छप्पर दुरुस्त करूनही भिंत ओलीच राहील. बाहेरची जमीन वर्षानुवर्षं फरसबंदी चढवून आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते. ती खाली घ्या. हे काम कुणालाच दिसत नाही, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

कैच्या आणि तुळया

छप्पर तोलणाऱ्या लाकडी कैच्या मधोमध सहसा खणखणीत असतात. कुजतात ती टोकं, जिथे तुळई भिंतीत शिरते. तिथे ओल असते आणि वारा नसतो. टोच्या घेऊन टोकाजवळ दाबा. चांगल्या लाकडात तो जेमतेम टेकतो, कुजलेल्यात मूठभर आत जातो. लाकडातली आर्द्रता मोजायचं यंत्र मिळतं. आकडा २० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर बुरशीला पोषक हवा तयार आहे, लाकूड आज ठीक दिसत असलं तरी.

कुजलेलं टोक दिसलं की आख्खी कैची बदला असा सल्ला येईल. आधी दुसरं मत घ्या. खराब भाग कापून त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडता येतो, बोल्ट आणि पोलादी पट्ट्या लावून. हिशेब मात्र बांधकाम अभियंत्याकडूनच. नवं टोक भिंतीत बसवताना चारही बाजूंनी बोटभर फट मोकळी ठेवा. गवंडी ती फट मसाल्याने बुजवायला टपलेला असतो, तेव्हा स्वतः उभे राहा.

भिंती: सिमेंटचा मोह

जुन्या वीट-दगडाच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि हवेत सोडतो. त्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, वरून वाट काढते. एका सभागृहात आधीच्या दुरुस्तीत खालून चार फुटांपर्यंत सिमेंटचा पट्टा मारला होता. ओल बरोबर त्याच्या वर, साडेचार फुटांवर फुटली. तिथे गुणवंत विद्यार्थ्यांच्या नावांचे लाकडी फलक होते. फलक काढला तेव्हा मागची बाजू बिस्किटासारखी हातात आली.

तर सिमेंटचा थर छिन्नीने, हळू, विटेला धक्का न लावता काढा. मग थांबा. भिंत वाळायला ढोबळ मानाने जाडीच्या दर इंचाला एक महिना लागतो. अठरा इंची भिंत म्हणजे दीड वर्ष. हे ऐकून समितीचे चेहरे पडतात. भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल आणि हवा खेळती ठेवली तर वेळ कमी होतो, पण महिन्याभरात होणार नाही. त्या काळात सभागृह बंदच ठेवायला हवं असं नाही. पांढऱ्या चुन्याचा हात मारून वापरता येतं.

भिंतीवर पांढरी भुकटी येते तो लोणा. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि तिथेच सुकतात. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत जातील.

गिलाव्यासाठी चांगला मुरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली, टोकदार कणांची वाळू तीन भाग, हे साधारण प्रमाण. एकेक थर सेंटिमीटरभरापेक्षा जाड नको. चुना सिमेंटसारखा पाण्याने पकडत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि ते सावकाश होतं. म्हणून ऊन आणि वाऱ्यापासून ओलं गोणपाट लावून जपायचं, दिवसातून दोनदा हलकं पाणी शिंपडायचं. घाई केली की केसासारख्या भेगा पडतात. गवंड्याला चुन्याची सवय नसेल तर आधी मागच्या भिंतीवर हात दीड हात तुकडा करून घ्या, महिनाभर ठेवा, मगच दर्शनी भिंत त्याच्या हातात द्या.

वरून प्लास्टिक इमल्शन लावलंत तर सिमेंटचीच चूक बादलीतून केलीत. चुन्याचा रंग किंवा हवा जाऊ देणारा खनिज रंग घ्या.

छत, खिडक्या, जमीन

लाकडी पट्ट्यांवर केलेल्या गिलाव्याचं छत असेल तर मचाणावर चढून बोटांच्या पेरांनी हलकेच ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर तिथे गिलावा पट्टीपासून सुटलाय. सुटलेलं सगळं पाडावं लागत नाही. रुंद चकत्या आणि स्क्रूने तो मागच्या पट्टीला पुन्हा धरता येतो, चकत्या गिलाव्यात बुजवता येतात. जिथे छत पोट काढून लोंबतंय, त्याखाली त्या दिवसापासून मुलांना बसवू नका.

खिडक्यांची जुनी काच किंचित लहरी असते. ती बदलू नका, दुसऱ्या काचेतून तसा उजेड येत नाही. चौकटीत काच धरणारी लांबी, म्हणजे पुट्टी, खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची असते. तीच पुन्हा वापरा. आणि एक धोक्याची सूचना, जी कारागीरसुद्धा विसरतात: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी मिसळताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. लाकडी छपराखाली हे विनोदाचं काम नाही.

लाकडी जमिनीखाली हवा खेळण्यासाठी बाहेरच्या भिंतीत जाळ्या असतात. आधी त्या शोधा. कुणीतरी उंदरांसाठी बुजवलेल्या असतील, आणि जमीन तिथूनच कुजायला लागलेली असेल. फळ्या मशीनने तासायच्या आधी एक फळी सोडवून तिची वरची जाडी मोजा. खाचेत बसणाऱ्या फळीची खाचेवरची कड दोन-तीन मिलिमीटर उरली असेल तर आता तासणं बंद. घासून पुसून, तेल किंवा मेण.

तुटक्या फळ्यांच्या जागी नव्या टाकल्या की त्या दात नव्याने बसवल्यासारख्या दिसतात. आमचे सुतार एक युक्ती करतात: रंगमंचाखालच्या किंवा कपाटामागच्या जुन्या फळ्या काढून दर्शनी जागी बसवायच्या आणि नव्या तिथे लपवायच्या.

वीज

थोडक्यात सांगते. रबराच्या वेष्टणाच्या जुन्या तारा हात लावला की चुरा होतात. त्या सगळ्या बदला, एकही ‘चालते आहे’ म्हणून ठेवू नका. गिलावा पूर्ण होण्याआधी तारांचा मार्ग ठरवा. कॉर्निसच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या नक्षीपट्टीच्या, वरून, जुन्या वाटांनी न्या. नव्या भिंतीवर खाचा पाडणारा वायरमन हा मी पाहिलेला सगळ्यात महागडा कारागीर आहे. रंगमंचाच्या दिव्यांना स्वतंत्र लाइन द्या. दिवे ३००० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे किंचित पिवळसर उजेडाचे आणि रंग नीट दाखवणारे. सभागृहात परीक्षाही होत असतील तर टेबलाच्या पृष्ठभागावर ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) मिळतात का, हे लक्समीटरने मोजा आणि समारंभासाठी तोच उजेड मंद करता येईल अशी सोय करा.

आवाज, म्हणजेच खुर्च्या

इथे थोडं थांबू, कारण इथेच सगळी मेहनत पाण्यात जाते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह तयार झालं आणि वक्त्याचं बोलणं कुणालाच कळेना. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवलं गेलं. बोललेला शब्द तिथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत होता. सेबिनने काय केलं, तर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, एकेक वाढवत घुमण्याचा वेळ मोजला आणि सकाळ व्हायच्या आत परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: घुमण्याचा वेळ सेकंदांत = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. घनफळ घनमीटरांत; शोषण चौरस मीटरांत, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा किती पृष्ठभाग आहे ते.

आपल्या सभागृहासाठी करून बघा. लांबी २० मीटर, रुंदी १२, उंची ८ असेल तर घनफळ १९२० घनमीटर. रिकामं, गुळगुळीत गिलाव्याचं सभागृह साधारण ५० चौरस मीटर इतकंच शोषतं. म्हणजे ०.१६१ × १९२० ÷ ५० = सहा सेकंदांहून जास्त. माइक लावला तरी फक्त गोंधळ मोठा होतो. आता ३०० मुलं बसवा. एक बसलेला माणूस ढोबळ मानाने ०.४५ चौरस मीटर शोषतो, म्हणजे १३५ ची भर. वेळ सव्वा-दीड नव्हे, पावणेदोन सेकंदांच्या जवळ येतो. बोलण्यासाठी तो सेकंद-सव्वा सेकंद असावा. उरलेलं शोषण, सत्तरेक चौरस मीटर, तुम्हाला दुसरीकडून आणायचं आहे: जाड पडदे, मागच्या भिंतीवर कापडी पॅनेल, छताच्या कडांना शोषक पट्ट्या. मागची भिंत आधी घ्या. बोलणाऱ्याचा आवाज तिच्यावरून उशिरा परत येतो. रंगमंचावरचं आणि मधलं छत कठीणच ठेवा, ते आवाज पुढे ढकलतं.

एका शाळेने गादीच्या जुन्या खुर्च्या विकून हलक्या प्लास्टिकच्या आणल्या. उद्घाटनाला सभागृह भरलेलं होतं, सगळं छान वाटलं. पुढच्या सोमवारी साठ मुलांची तालीम ठेवली तर शिक्षकांना स्वतःचंच वाक्य ऐकू येईना. शिवाय जमिनीवर प्लास्टिकचे पाय ओढल्याचा किंकाळीसारखा आवाज. गादीच्या खुर्च्यांचा फायदा हा की रिकाम्या असल्या तरी त्या बऱ्यापैकी शोषतात, त्यामुळे निम्मं भरलेलं सभागृहही फारसं बदलत नाही.

जुन्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पायांच्या आणि लाकडी पट्ट्यांच्या खुर्च्या असतील तर टाकू नका. सांधे ढिले झालेले असतात, लाकूड नाही. जुना सरस कोमट पाण्याने मऊ होतो, सांधा खुलतो, साफ करून पुन्हा सरसच लावा. म्हणजे पन्नास वर्षांनी कुणालातरी तो पुन्हा उघडता येईल. पॉलिश कोणतं हे ओळखायला आसनाच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाखेचं. ते खरवडायची गरज नाही, स्पिरिटच्या बोळ्याने तेच पुन्हा पसरतं. बिडाचा पाय तडकला असेल तर घरगुती वेल्डिंग करू नका, बीड उष्णतेने शेजारीच फुटतं. आतून पट्टी आणि बोल्ट लावा. पायांना फेल्ट चिकटवा.

नव्या घ्यायच्याच असतील तर आधी दोन नमुने मागवून सभागृहात महिनाभर ठेवा आणि त्यावर सगळ्यात दांडगी मुलं बसवा. दर माणशी ५० सेंटिमीटर रुंदी आणि पाठीपासून पाठीपर्यंत ८५ ते ९० सेंटिमीटर धरा. सुट्या खुर्च्या रांगेत एकमेकींना अडकवता आल्या पाहिजेत, नाहीतर धावपळीत त्या वाटेत आडव्या पडतात. बाहेर पडायचे दरवाजे बाहेर उघडतात ना, मधली वाट मोकळी राहते ना, हे अग्निशमन अधिकाऱ्याबरोबर खुर्च्या प्रत्यक्ष मांडून ठरवा. आसनसंख्या कागदावर किती बसतात यावर नव्हे, किती बाहेर पडू शकतात यावर ठरते. चाकाच्या खुर्चीसाठी जागा रांगांच्या मध्येही ठेवा, फक्त शेवटी कोपऱ्यात नको. उतरणीचा उतार एकास बारा, आणि रंगमंचावर जाण्यासाठीही उतरण किंवा लिफ्ट हवी. बक्षीस घ्यायला वर जाणाऱ्या मुलाला खालीच थांबवणं चांगलं दिसत नाही.

रंगमंच आणि फलक

पडदा आग न पकडणाऱ्या कापडाचाच, आणि प्रमाणपत्र मागून घ्या. जुनी दोरी-चाकं शोभेसाठी ठेवा, वजन नव्या यंत्रणेवर.

सोनेरी अक्षरांचे मानाचे फलक पुसायला ओलं फडकं घेणारा प्रत्येक शाळेत एकतरी असतो. वर्ख फार पातळ असतो, पाण्याने आणि साबणाने तो जातो, आणि त्याबरोबर नावं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बाकी जाणकाराकडे. पितळी पाट्यांनाही दर वर्षी पॉलिश नको, अक्षरांच्या कडा झिजतात. फलक पुन्हा टांगताना मागे लाकडी ठोकळे ठेवून बोटभर अंतर सोडा, म्हणजे भिंतीची ओल फलकाला टेकणार नाही.

पैशांचा शेवटचा मुद्दा: एकूण अंदाजाच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवा. गिलावा काढल्यावर मागे काय निघेल हे कुणालाही आधी सांगता येत नाही.

काम संपलं की रंगमंचाखाली एक कोरडी पेटी ठेवा. तीत सहा जास्तीच्या आसनपट्ट्या, उरलेल्या फळ्या, खिडकीची एक जुनी काच, चुन्याच्या रंगाचं प्रमाण लिहिलेला कागद, तारांचा नकाशा आणि छपरावर जायच्या शिडीच्या कुलपाची दुसरी किल्ली. पावसाआधी आणि पावसानंतर पन्हळ कोण साफ करणार, त्याचं पद झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. नाव लिहू नका, माणसं बदलतात.